टिटवीचं वजन

“म्हणजे पत्रा काढू? सगळा?”

अण्णांनी स्टूल जवळ ओढलं.

“अण्णा, मी विचारतोय. पत्रा काढला तर हिच्यात राहिलं काय?”

“तेच बघायचंय,” अण्णा म्हणाले.

मला राग आला. सकाळपासून मी टिटवीवर पत्रा चढवत बसलो होतो. डोळे चुरचुरत होते. अण्णा आले, शेजारच्या स्टुलावर बसले, पडद्याकडे एकदा बघितलं, आणि म्हणाले, काढ.

टिटवी म्हणजे माझ्या भावाचा रोबो. लोहरण नावाचा गेम आहे, त्यातला. दोन बाजूंचे रोबो मैदानात उतरतात आणि एकमेकांना पाडतात. काही रोबो जड असतात, काही मधले, काही हलके. हलक्याला वजनाची मर्यादा फार कडक. तोफ घेतली तर चिलखत कमी करावं लागतं, चिलखत घेतलं तर इंजिन लहान. चिलखताला आमच्याकडची पोरं पत्रा म्हणतात.

सगळी पोरं जड रोबो घेतात. दादानं सगळ्यांत हलका निवडला. बारीक पायांचा, जमिनीलगत तुरुतुरु पळणारा. म्हणून त्याचं नाव टिटवी. ती पुढं जायची, शत्रू कुठं लपलाय ते बघायची आणि ओरडायची. ओरडायचा अर्थात दादाच, हेडफोनमधून. मग मागचे जड रोबो तोफा वळवायचे.

दादाचं नाव सुकुमार. तो गेला त्याला अजून फार दिवस झालेले नाहीत. त्याची चप्पल अजून दारात आहे. आई ती उचलू देत नाही.

जयसिंगपूरला स्टेशनच्या मागं तंबाखूची एक जुनी वखार आहे. तिथं आता शकीलचं गेम पार्लर आहे. तंबाखू जाऊन कैक वर्षं झाली, पण पंखा लावला की अजून शिंक येते. कोपऱ्यातलं मशीन भूपालअण्णांचं. अण्णांची पन्नाशी उलटून गेली. पांढरा सदरा, बोटं लांब, आवाज बारीक. आमच्या भागात हलका रोबो चालवणारा जो कुणी नाव घेण्यासारखा आहे, तो अण्णांच्या शेजारच्या स्टुलावर बसून शिकलेला. दादासुद्धा.

मी नाही. मला जड रोबो आवडायचे. मला वाटायचं, म्हातारा भित्रा आहे.

पण आज मला त्यांच्याकडे यावं लागलं. लोहरणमध्ये नियम आहे. सीझनभरात जो रोबो एकदाही मैदानात उतरला नाही, तो सीझन संपताच भंगारात जातो. हा सीझन दादा गेल्यावरच सुरू झाला, आणि मी त्याचं खातं उघडलंच नव्हतं. उघडलं तेव्हा फक्त दुपारचा सामना उरला होता. अखेरचा सामना. आणि अखेरच्या सामन्यात पडलेला रोबो परत उठत नाही. नावासकट जातो.

म्हणजे टिटवी उतरवली नाही तरी जाणार. उतरवली आणि पडली तरी जाणार.

उतरून परत आली पाहिजे. एवढंच.

“ती पडता कामा नये,” मी अण्णांना म्हणालो. “बाकी मला काही नको. जिंकणं नको. ती पडता कामा नये.”

“दाखव,” अण्णा म्हणाले.

त्यांनी माऊस हातात घेतला. गॅरेजमध्ये रोबो गोल फिरवून बघता येतो. अण्णा टिटवीला हळूहळू फिरवू लागले. छाती बघितली. हात बघितले. गुडघे बघितले. डॉक्टर बाळाला बघतो तसं.

मग पाठ आली.

अण्णांचा हात थांबला.

“पुढं पत्रा नाही,” ते म्हणाले. “पायाला नाही. सगळा पाठीला?”

“असाच.”

“असाच?”

“मागून मारतात अण्णा.”

“कोण?”

...

मी पडद्याकडे बघत राहिलो.

दादा मोटारसायकलवर होता. भर दुपार, मोकळा रस्ता. आपल्या बाजूनं चालला होता. डंपर मागून आला.

सकाळी मी ठरवून काही केलं नव्हतं, हे खरं सांगतो. हात आपोआप पाठीकडेच जात होता. एक पत्रा. अजून एक. तरी कमी वाटायचं.

शकील मागं उभा राहून काहीतरी चेष्टा करणार होता. त्यानं तोंड मिटलं. “चहा सांगतो,” असं म्हणून तो बाहेर गेला.

अण्णांनी मला धीर दिला नाही. वाईट झालं असंही म्हणाले नाहीत. सगळे म्हणतात. ते म्हणाले नाहीत.

“चालव,” ते म्हणाले.

सरावाचं मैदान उघडलं. मी टिटवीला पळवलं. ती पळाली कसली... डबक्यातून म्हैस निघावी तशी निघाली. पाय टाकला की मातीत रुतायचा. काढला की चिखल घेऊन वर यायचा.

“वळव.”

मी बटण दाबलं. ती वळेना. मी जोरात दाबलं. मग वळली, अर्धीमुर्धी.

“जोरात दाबून काय होतंय?” अण्णा म्हणाले. “बटणाला राग कळत नाही.”

मी बोट सैल केलं.

“मागं कोण आहे?”

“कुठं?”

“तिच्या मागं.”

“दिसत नाही.”

“का?”

“रडार काढलं,” मी म्हणालो. “वजनात बसेना.”

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. फार वेळ बघितलं.

“मागून येणाऱ्यासाठी पत्रा घेतलास,” ते म्हणाले. “आणि मागचं दिसायचं काढून टाकलंस.”

...

पंखा फिरत होता. शकील चहा घेऊन आला, ग्लास ठेवले, आणि आवाज न करता आपल्या मशीनवर जाऊन बसला.

“काढ,” अण्णा म्हणाले. “मी नाही काढणार. तू काढ.”

मी काढू लागलो.

गेममध्ये रोबोवर वजन जास्त झालं की तो गुडघ्यात वाकून उभा राहतो. टिटवी अशी वाकलेली आहे हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मला वाटलं होतं, ती अशीच असते. एक पत्रा निघाला, तसे तिचे गुडघे थोडे सरळ झाले. दुसरा निघाला, खांदे वर आले. मी काढत गेलो आणि ती उठत गेली.

दादा गॅरेजमध्ये तासन्‌तास तिला नुसता बघत बसायचा. मी त्याला हसायचो. काय बघतोस रे, बायको आहे का?

आता मी बघत होतो.

शेवटचा पत्रा राहिला. मानेखालचा.

“हा राहू द्या अण्णा.”

“कुणासाठी?”

“माझ्यासाठी.”

मला वाटलं, आता रागावतील.

“बरं,” अण्णा म्हणाले. “राहू दे.”

त्यांनी चहा उचलला. फुंकर मारून प्यायला लागले. घाई नाही. बाहेर कुठल्यातरी गाडीनं शिट्टी दिली, स्टेशनवरच्या चहावाल्यांचा आरडाओरडा झाला, थांबला. अण्णा पीतच होते.

मी पत्र्याकडे बघत होतो. अख्ख्या पाठीवर तो एकच. तळहाताएवढा. त्यानं काय थांबणार होतं?

मीच काढला.

टिटवी सरळ उभी राहिली. मान वर. एवढी बारीक, की फुंकर मारली तर उडेल असं वाटावं.

अण्णांनी ग्लास ठेवला. आता ते पुढं सरकले. “रडार दे. मोठं नको, लहानच. पण चारी बाजूंना बघणारं दे. इंजिन मोठं दे. अजून मोठं. हं.”

“आणि तोफ?”

“कुणाला मारायचंय?”

“सगळ्यांना,” मी म्हणालो.

तोंडातून निघून गेलं. पण खोटं नव्हतं.

अण्णा हसले. त्या दिवशी पहिल्यांदाच. “मग हिला सोड. ते बघ, जड रोबो उभे आहेत ओळीनं. शकील तुला त्याचा हत्ती देईल.”

“नाही देणार,” शकील तिकडून म्हणाला. “मागच्या वेळी ह्यानं माझा हत्ती विहिरीत घातला.”

“मला हीच पाहिजे,” मी म्हणालो.

“मग तोफ नको.”

“बिनतोफेचा रोबो लढाईला? अण्णा, लोक हसतील.”

“आधीच हसतात की,” शकील म्हणाला. “अण्णा दिवस मावळला की जेवत नाहीत, आणि रोबोला तोफ देत नाहीत. पुढच्या महिन्यात इंजिन सोडतायत. उपास.”

अण्णांनी त्याच्याकडे बघून मान हलवली, जणू विचार करण्यासारखी गोष्ट आहे.

माझं डोकं फिरलं. “दादाकडे होती ना तोफ? एवढी वर्षं खेळला तो. बिनतोफेचा खेळला काय?”

“मला काय विचारतोस. तिला विचार.”

“तिला काय विचारू?”

अण्णांनी माऊस सरकवला. टिटवीचा उजवा खांदा मोठा होऊन पडदाभर आला. रोबोच्या खांद्यावर तोफ बसवायची जागा असते, चार भोकांची. टिटवीचं सगळं अंग खरचटलेलं होतं. गुडघ्यांचा रंग उडालेला, तळपाय झिजलेले, छातीवर पोचे. आणि ती चार भोकं कोरी होती. कारखान्यातून आली तशी. रंगसुद्धा गेला नव्हता.

मी पुन्हा पुन्हा बघितलं.

एका घरात राहिलो. एका ताटात जेवलो. हेडफोनमध्ये तो ओरडायचा तेव्हा मी अंगावर उशी फेकायचो, हळू बोल म्हणून. आणि मला हे माहीत नव्हतं.

“चारला पाच कमी,” शकील म्हणाला. “बसा आता.”

अण्णांनी खिशातून रुमाल काढून माझ्यापुढं धरला. त्यांच्याकडे शिकणारा मशीनला हात लावायच्या आधी बटणं पुसतो. मी पोरांना तसं करताना बघितलं होतं आणि हसलो होतो. मी बटणं पुसली. एकेक.

सामना सुरू झाला.

मैदानात संध्याकाळ होती. डोंगर, मध्ये खिंड, खाली आटलेल्या नदीचं पात्र. लांबवर रोबोंच्या छातीवरचे दिवे हलत होते. आमच्या बाजूला शकीलचा हत्ती, इचलकरंजीच्या मेघाचा मधला रोबो, अजून काहीजण. सगळी दादाची मंडळी.

हेडफोनमध्ये मेघाचा आवाज आला. “टिटवी दिसतीय मला. कोण चालवतंय?”

“त्याचा भाऊ,” शकील म्हणाला.



“बरं,” मेघा म्हणाली. “हाक दे रे.”

मी टिटवीला सोडलं.

कसं सांगू... मी आयुष्यात तसा पळालो नाही. पात्रातल्या वाळूवरून ती गेली तर वाळू हलली नाही. दगडावर पाय लागला न लागला. मी वळ म्हणायच्या आत ती वळायची. मला वाटलं, मी चालवत नाहीये. हिला रस्ता माहीत आहे. ही इथं हजार वेळा येऊन गेलीय आणि मला फक्त पाठीवर घेऊन चाललीय.



“बघ,” अण्णा म्हणाले.

रडारवर ठिपका होता. मोठा. बरोबर मागं.

“पळू?”

अण्णा ठिपक्याकडेच बघत होते.

“अण्णा! मागून येतोय!”

“बंद कर.”

“काय?”

“इंजिन.”

मैदानात, शत्रू मागं असताना, इंजिन बंद! इंजिन गेलं की दिवा जातो, हाक देता येत नाही, नुसतं ऐकू येतं, पाय जागेवर थांबतात. तो नुसता लोखंडाचा सांगाडा.

मी बंद केलं. का केलं, माहीत नाही. अण्णांचा आवाज तसा होता.

टिटवी दोन खडकांच्या मध्ये उभी राहिली. अंधारली.

आवाज आला. धप्प. मग थांबून, धप्प. टेबलावरचा चहाचा ग्लास थरथरायला लागला. जड रोबो येत होता. डोंगराएवढा. त्याच्या छातीचा दिवा खडकांवरून सरकत आला. टिटवीच्या पायावरून गेला. गुडघ्यावरून गेला.

पुढं सरकला.

त्याचा पाय आमच्या शेजारी पडला. अख्खा पडदा त्या पायानं भरला. त्यावरचे खिळे मला दिसत होते. मी श्वास धरला होता, जसा काही तो मला ऐकणार होता.

धप्प.

तो निघून गेला. त्याला आम्ही दिसलोच नाही. तो गेला आणि त्याची पाठ माझ्यासमोर आली. उघडी. रुंद.

माझं बोट तोफेच्या बटणावर गेलं. दाबलं. दाबलं, दाबलं, दाबलं.

काही झालं नाही. तिथं काही नव्हतंच.

अण्णा माझ्या बोटाकडे बघत होते. थोड्या वेळानं मीच बोट उचललं.

तोफ असती तर मी डागली असती. टिटवी तिथंच संपली असती.

मग मी समोर बघितलं. तो जड रोबो टेकडीमागं गेला होता आणि तिथं त्याचे सगळे साथीदार उभे होते. दिवे झाकून, तोफा खिंडीकडे रोखून. शत्रूची सगळी फौज. खिंडीच्या पलीकडून एक दिवा एकटाच हळूहळू येत होता.

मेघा.

तिला टेकडीमागचं दिसत नव्हतं. फक्त मला दिसत होतं.

“अण्णा,” मी म्हणालो. “वेळ थोडाच राहिलाय. अशीच उभी राहिली तर टिटवी वाचली.”

“हो.”

“कुणाला दिसणार नाही ती.”

“नाही दिसणार.”

“बोलायचं झालं तर इंजिन लावावं लागेल.”

“हो.”

“दिवा लागेल.”

“हो.”

“ते आत्ता टेकडीमागं आहेत, अण्णा. एवढ्या जवळ. दिवा लागला तर...”

“हो,” अण्णा म्हणाले.

“सांगा की मग! काय करू सांगा की!”

अण्णांनी टेबलावरचा हात काढून घेतला. मांडीवर ठेवला. आणि वखारीच्या दारातून बाहेर बघायला लागले. बाहेर ऊन होतं, एक रिकामी हातगाडी होती. ते तिच्याकडे बघत राहिले, जसं काही मैदान तिकडेच आहे.

मला वाटलं, त्यांना धरून गदागदा हलवावं.

हेडफोनमध्ये मेघा बोलली. “टिटवी, रस्ता मोकळा आहे का?”

मला ‘टिटवी’ म्हणाली. ‘त्याचा भाऊ’ नाही म्हणाली.

...

मी इंजिन लावलं.

दिवा पेटला. “मेघा, मागं फिर! खिंडीत येऊ नकोस, टेकडीच्या आड सगळे उभे आहेत, सगळे! शकील, डावीकडं, टेकडीच्या मागं मार!”

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. मी एवढा मोठ्यानं ओरडलो की स्टेशनकडच्या रस्त्यानं जाणारे दोघे दारात येऊन बघायला लागले.

मेघा वळली. शकीलच्या तोफा कडाडल्या. टेकडीवर धूर झाला. मी टिटवीला वळवून पात्रात टाकलं आणि ती निघाली. आजूबाजूला गोळे पडत होते आणि ती त्यांच्या मधून जात होती. एक लागेना. आता सुटलो, मी म्हणालो. सुटलो, सुटलो!

मग काय झालं सांगतो. मला वाटलं, मेघा निघाली का बघावं.

मी वळून बघितलं.

मेघा निघाली होती.

आणि पडदा पांढरा झाला.

पांढऱ्याचा राखाडी झाला. खाली अक्षरं आली. ती दोन्ही बाजूंच्या सगळ्यांना दिसतात. टिटवी पडली.

मी उठलो. खुर्ची मागं आडवी झाली.

“तुम्ही!” मी अण्णांना म्हणालो. “तुम्ही पत्रा काढायला लावलात! तुम्ही! बघितलंत? मागून मारली! मी सांगत होतो मागून मारतात! एवढंच मागितलं होतं मी तुम्हाला... एवढंच... जिंकणं नको म्हणालो होतो!”

अजून पुष्कळ बोललो. लिहिण्यासारखं नाही. अण्णा बसून होते. एकही शब्द त्यांनी चुकवला नाही, प्रत्येक अंगावर घेतला.

“पुढून लागला,” शकील हळूच म्हणाला. “बारक्या, तू वळला होतास. छातीत लागला.”

मी हेडफोन काढून टेबलावर आपटला आणि निघालो.

“बघ,” अण्णा म्हणाले.

“नाही बघायचं मला.”

“तिच्यासाठी बघ.”

मी बघितलं.

पडलेल्या रोबोच्या डोळ्यातून मैदान दिसत राहतं, आडवं. वाळू दिसत होती, आणि वाळूच्या कडेला आभाळ. ज्यानं गोळा मारला तो जड रोबो चालत येत होता. धप्प. धप्प. येऊन टिटवीसमोर उभा राहिला. आता तुडवतो, मला वाटलं. तुडवतात. मीसुद्धा तुडवतो.

तो उभाच राहिला.

त्याच्या छातीवरचा दिवा विझला.

मला कळेना. त्याचं मशीन बंद पडलं असेल, वाटलं. तेवढ्यात लांब, खिंडीच्या तोंडाशी, मेघाचा दिवा विझला. मग टेकडीवर एक. त्याच्या शेजारी एक. तोफा थांबल्या. आमच्या बाजूचा एक विझला, त्यांच्या बाजूचा एक विझला. मी शकीलकडे बघितलं. त्यानं दोन्ही हात बटणांवरून उचलले होते आणि हत्तीचा दिवा गेला होता.

अख्ख्या मैदानावर एकही दिवा नव्हता. एवढी मोठाली मशीनं, ज्यांच्या पायांनी ग्लास हलत होते, ती सगळी अंधारात उभी होती आणि हलत नव्हती. ती कोण चालवत होतं, मला माहीत नव्हतं. सोलापूरचे असतील, नाशिकचे असतील. त्यांनी दादाला कधी बघितलं नव्हतं.

टेबलावरच्या हेडफोनमधून कुणाचा शब्द येत नव्हता. फक्त मैदानातला वारा.

“हे ऐकून होतो मी,” शकील कुजबुजला. “कधी बघितलं नव्हतं. असा जुना हलका रोबो पडला तर... म्हणजे हाक देताना पडला तर सगळे दिवे...”

त्यानं पडद्याकडे बोट केलं.

पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ चालत राहिलं. कुणी जिंकलं नाही. वेळ संपली, आणि तोवर कुणी दिवा लावला नाही.

मी खाली बसलो. खुर्ची नव्हती, फरशीवरच बसलो. दादाला घरी आणलं तेव्हा सगळे रडत होते आणि मी पळत होतो. पाणी आण, सतरंजी टाक, गाड्या मागं घ्यायला सांग. सगळे म्हणाले, पोरगा घट्ट आहे. आता त्या तंबाखूच्या फरशीवर बसून मी एवढा रडलो की शिंका यायला लागल्या. रडतोय आणि शिंकतोय. शकील हसला आणि मग तोही रडायला लागला.

अण्णा उठले नाहीत. माझं होईपर्यंत बसून राहिले.

मग त्यांनी वाकून खुर्ची सरळ केली.

मी बसलो. पडद्यावर गॅरेज आलं होतं. टिटवी उभी राहायची ती जागा रिकामी होती, जमिनीवर तेलाचे डाग होते. खाली नव्या सीझनचे रोबो ओळीनं उभे होते. मी जडांकडे बघितलं नाही. हलक्यांमध्ये सगळ्यांत बारीक होता तो घेतला. राखाडी, बिनरंगाचा, अंगावर एक ओरखडा नाही. तो गॅरेजमध्ये येऊन उभा राहिला आणि डोक्यावर नावाची चौकट उघडली.

मी बाहीनं तोंड पुसलं आणि भराभर लिहायला लागलो. टि...

अण्णांचा तळहात बटणांवर आला.

“नाव नंतर. आधी चालव.”